दुरुस्त केलेलं टेबल पुढच्या रिलीजला पुन्हा का मोडतं?

तक्रार साधारण अशी असते. सॉफ्टवेअरची माहितीपानं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून, लिहिलेली असतात. त्यातल्या कॉन्फिगरेशनच्या पानावरचं टेबल कोणीतरी बसून नीट लावलं. पुढच्या रिलीजला त्यात दोन पर्याय वाढले आणि साइटवर शेवटच्या कॉलममधला मजकूर गायब झाला. त्याच्या पुढच्या वेळी टेबलच नाही, नुसती पाइप (|) आणि डॅशांची रांग. ती सावरेपर्यंत पीडीएफमध्ये एक कॉलम पानाबाहेर गेलेला असतो. दर वेळी लिहिणाऱ्याला 'जरा नीट बघून लिही' असं सांगितलं जातं आणि विषय तिथेच थांबतो. पण डोळ्यांत तेल घालून लिहिलं तरी हे थांबत नाही, कारण मोडलेल्या टेबलाबद्दल मार्कडाउनचे पार्सर (फाइल वाचून तिचं एचटीएमएल करणारे प्रोग्राम) अवाक्षर काढत नाहीत. चूक पोटात घालून बिल्ड (फाइलींपासून साइट तयार करण्याची पायरी) हिरवा होतो, म्हणजे यशस्वी ठरतो. ज्या दिवशी चुकीच्या टेबलावर बिल्ड अडायला लागेल, त्या दिवशी ही कटकट संपेल. त्यासाठी आधी बिघाडाचे प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आधी बिघाड कुठल्या थरात आहे ते बघा

ब्राउझरमध्ये बिघडलेलं टेबल उघडा आणि तयार झालेलं एचटीएमएल तपासा. तिथे टेबल टॅगच नसेल, सगळं एका परिच्छेदात कोंबलेलं असेल, तर पार्सरने ते टेबल म्हणून ओळखलेलंच नाही. टॅग आहे पण मजकूर भलत्या सेलमध्ये आहे किंवा नाहीसा झालाय, तर मूळ फाइलमधली एखादी ओळ चुकली आहे. सेल सगळे जागच्या जागी आहेत, फक्त दिसायला वाईट आहे, तर दोष स्टाइलशीटचा किंवा पीडीएफच्या साच्याचा. या तिघांची दुरुस्ती पूर्ण वेगळी आहे. सीएसएसचा दोष मार्कडाउनमध्ये स्पेस वाढवून सुधारायला गेलं की वेळ फुकट जातो आणि फाइल आणखी विस्कटते.

टेबल ओळखलंच जात नाही

मुळात २००४ साली आलेल्या मार्कडाउनमध्ये टेबल नव्हतं. कॉमनमार्क या त्याच्या प्रमाणित नियमावलीच्या गाभ्यातही ते नाही. पाइपची टेबलं ही प्रत्येक साधनाने आपापल्या परीने घातलेली भर आहे, म्हणून एका ठिकाणी चालणारं टेबल दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही. पायथन-मार्कडाउन या पार्सरमध्ये टेबलांचं एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. त्याच्यावर साइट बनवणारं एमकेडॉक्स ते आपणहून चालू करतं, त्यामुळे एमकेडॉक्सवर सगळं ठीक दिसतं आणि त्याच फाइली स्वतःच्या स्क्रिप्टने फिरवल्या की टेबलं पडतात.

गिटहबच्या मार्कडाउनचा नियम कडक आहे: हेडरच्या ओळीत जितके सेल, तितकेच डॅशच्या ओळीत हवेत. एकाचा फरक पडला तरी संपूर्ण टेबल रद्द. नवा कॉलम घालताना नेमकं हेच होतं. हेडर वाढतो, खालच्या ओळी वाढतात, मधली डॅशची ओळ तशीच राहते:

```
| पर्याय | प्रकार | डिफॉल्ट | अर्थ |
|---|---|---|
| मुदत | पूर्णांक | ३० | सेकंदांत |
```

हेडरमध्ये चार सेल, डॅशच्या ओळीत तीन. हे पानावर टेबल म्हणून येणार नाही. खालच्या ओळींत मात्र कमी-जास्त सेल चालतात, आणि त्याचे परिणाम पुढे आहेत.

सेल मोजून बरोबर भरतात तरी टेबल येत नसेल, तर डॅशच्या ओळीवर संशय घ्या. वर्ड प्रोसेसरमधून किंवा चॅटमधून चिकटवलेल्या ओळीत साध्या डॅशच्या जागी लांब डॅश आलेला असतो, नाहीतर साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस, म्हणजे युनिकोडमधली यू+००ए०. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, पार्सरला नाही. शोधत बसण्यापेक्षा ती ओळ पुसून हाताने पुन्हा टाइप करणं सगळ्यात जलद. रेपोभर हा त्रास असेल तर त्या संकेतांकासाठी सगळ्या फाइलींत एकदा शोध घ्या.

दोन कारणं उरतात. टेबलाच्या आधी मोकळी ओळ नसणं: गिटहब ते चालवून घेतं, पायथन-मार्कडाउन नाही. म्हणून वर आणि खाली मोकळी ओळ सोडायचीच, कुठलंही साधन असो. दुसरं म्हणजे इंडेंट. चार स्पेसनी आत ढकललेलं टेबल कोड ब्लॉक होतं. यादीच्या मुद्द्याखाली टेबल हवं असेल तर त्या मुद्द्याचा मजकूर जिथून सुरू होतो, बरोबर त्याच रकान्यावर टेबलाची प्रत्येक ओळ सुरू करा. तसं टेबल पुढे हमखास कोणाच्या तरी हातून सरकतं, तेव्हा शक्य असेल तर ते यादीच्या बाहेरच घ्या.

मजकूर सरकतो किंवा नाहीसा होतो

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण पान वरवर चांगलं दिसतं. ही ओळ बघा:

```
| मूल्य | अर्थ |
|---|---|
| `वाचा|लिहा` | परवानगीचा प्रकार |
```

लिहिणाऱ्याला वाटतं, पाइप बॅकटिकच्या (कोड दाखवणाऱ्या ` खुणेच्या) आत आहे, म्हणजे सुरक्षित आहे. गिटहबचा पार्सर मात्र आधी पाइपवर सेल तोडतो आणि मग आतलं बघतो. त्याला या ओळीत तीन सेल मिळतात: पहिल्यात उघडा बॅकटिक आणि 'वाचा', दुसऱ्यात 'लिहा' आणि बॅकटिक, तिसऱ्यात 'परवानगीचा प्रकार'. हेडरमध्ये दोनच कॉलम, म्हणून तिसरा सेल तो टाकून देतो. म्हणजे ज्या माहितीसाठी वाचक पानावर आला तीच गेली, आणि एरर नाही, वॉर्निंगही नाही. उलट ओळीत सेल कमी असतील तर तो रिकामे सेल भरून घेतो, तेही गुपचूप.

उपाय: पाइपच्या आधी बॅकस्लॅश, `वाचा\|लिहा`. गिटहबवर हे बॅकटिकच्या आतही चालतं. पण केआरडाउन या दुसऱ्या पार्सरमध्ये बॅकटिकमधली पाइप मुळातच सेल तोडत नाही, तिथे बॅकस्लॅशची गरज नसते. तोच मजकूर दोन्हीकडे जात असेल तर बॅकटिक सोडा, एचटीएमएलचा कोड टॅग वापरा आणि पाइपच्या जागी तिचा एचटीएमएल संकेतांक लिहा (दशमान १२४). दिसायला बोजड आहे, पण कुठेही मोडत नाही.

केआरडाउनची एक उलटी खोडही लक्षात ठेवा. त्याला हेडर आणि डॅशची ओळ लागत नाही, त्यामुळे साध्या परिच्छेदात पाइप आली की तो त्या परिच्छेदाचंच टेबल करू शकतो. शेलच्या कमांडा समजावणाऱ्या पानांवर हे वारंवार दिसतं. तिथेही बॅकस्लॅश लावा.

टेबलाखाली लगेच लिहिलेली 'टीप:' हा आणखी एक नेहमीचा गुन्हेगार. मध्ये मोकळी ओळ नसेल तर गिटहबचा पार्सर ती ओळ टेबलाचीच समजतो. टीप पहिल्या कॉलमच्या सेलमध्ये जाऊन बसते आणि उरलेले सेल रिकामे दिसतात. दुरुस्ती एका एंटरची.

डॉक्युसॉरससारख्या एमडीएक्सवर (मार्कडाउनमध्ये कोड मिसळू देणाऱ्या प्रकारावर) चालणाऱ्या साइटवर महिरपी कंस आणि 'पेक्षा लहान' (<) चिन्ह हे कोड समजले जातात. टेबलात साच्याचा नमुना म्हणून महिरपी कंस लिहायचा असेल तर तो बॅकटिकमध्ये हवा. सेलमध्ये ओळ तोडणारा बीआर टॅगही तिथे शेवटच्या तिरप्या रेघेसकट बंद करावा लागतो. एमडीएक्सचं एक बरं आहे, अशा चुकांवर बिल्ड बहुधा लगेच पडतो.

मूळ फाइलमध्ये कॉलम जुळवायचे की नाही?

दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक सेलला स्पेस भरून पाइपा एकाखाली एक आणतात. दुसरीत मजकुराच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पेस, बाकी काही नाही. पानावर दोन्हींचं रूप अगदी सारखं येतं.

हाताने जुळवणं आजच थांबवा, हा सल्ला ठाम आहे. चाळीस ओळींच्या टेबलात एका पर्यायाचं नाव तीन अक्षरांनी लांबलं की जुळवलेल्या टेबलाच्या बेचाळीसच्या बेचाळीस ओळी (चाळीस, शिवाय हेडर आणि डॅशची ओळ) बदलतात. डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलींतला फरक दाखवणाऱ्या यादीत) खरा बदल कुठे आहे ते रिव्ह्यू करणाऱ्याला सापडत नाही. त्याच वेळी दुसऱ्या ब्रँचवर कोणी त्याच टेबलाला हात लावला असेल तर मर्ज कॉन्फ्लिक्ट ठरलेला, आणि तो सोडवताना एखादी ओळ गळते. अशा डिफमध्ये तात्पुरती वाट काढायला गिट डिफला डॅश-डब्ल्यू लावा, स्पेसचे बदल लपतात.

देवनागरीत तर जुळवणं मुळातच फसवं आहे. 'स्थिती' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण युनिकोडमध्ये सहा संकेतांकांचा आहे: स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. फॉरमॅटर (फाइल आपोआप नीट लावणारं साधन) संकेतांक मोजून स्पेस भरत असेल तर त्याच्या हिशोबाने सरळ असलेली रेघ एडिटरमध्ये वाकडीच दिसणार. मग कोणीतरी ती हाताने 'सरळ' करतं, पुढच्या वेळी फॉरमॅटर ती परत 'सरळ' करतो, आणि हा खेळ दर कमिटला चालतो. लॅटिनेतर लिपीत मजकूर असेल तर एकेका स्पेसची सुटसुटीत पद्धतच घ्या.

प्रेटियर हा फॉरमॅटर वापरात असेल तर त्याचा स्वभाव माहीत हवा. डिफॉल्टला तो प्रत्येक टेबल जुळवतो. 'प्रोज रॅप'ची सेटिंग 'नेव्हर' केली तरच, ठरलेल्या रुंदीत (डिफॉल्ट ८०) न मावणारं टेबल तो सुटसुटीत लिहितो. पण त्या सेटिंगने परिच्छेदांतले हाताने तोडलेले ओळबदलही निघून जातात, म्हणून ती फक्त टेबलांसाठी लावू नका. प्रेटियर आधीपासून असेल आणि मजकूर इंग्रजी असेल, तर त्याचं जुळवणं राहू द्या. फक्त ते नेहमी यंत्राने व्हावं, माणसाने नाही. एखाद्या टेबलाला हात लावायचा नसेल तर त्याच्या आधी प्रेटियर-इग्नोरची कॉमेंट टाका.

ही कॉमेंट पॅनडॉक (मार्कडाउनपासून पीडीएफ वगैरे बनवणारं साधन) वापरणाऱ्यांना हमखास लागते. पॅनडॉकमध्ये पाइप टेबलाची एखादी ओळ ठरावीक रुंदीपेक्षा (डिफॉल्ट ७२) लांब गेली, की कॉलमांची रुंदी डॅशच्या ओळीतल्या डॅशांच्या प्रमाणात ठरते. तीन डॅश आणि सहा डॅश म्हणजे दुसरा कॉलम दुप्पट. फॉरमॅटरने जुळवताना डॅश वाढवले की पीडीएफमधल्या रुंद्या बदलतात, आणि 'कोणी काहीच बदललं नाही, तरी टेबल बिघडलं' अशी तक्रार येते. डॅश मोजले की उत्तर सापडतं.

पद्धत ठरली की सगळ्या फाइली एकाच कमिटमध्ये बदला. त्यात मजकुराचा एकही बदल नको. त्या कमिटचा पूर्ण हॅश एका फाइलीत लिहून ठेवा आणि गिटच्या ब्लेमला (प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडला) ती फाइल दुर्लक्षाची यादी म्हणून द्या. ही सोय गिट २.२३ पासून आहे. नाहीतर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक टेबलाच्या प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव दिसेल.

बिल्डने अडवायला हवं

मार्कडाउनलिंट या लिंटरमध्ये, म्हणजे फाइलींतल्या चुका शोधणाऱ्या साधनात, टेबलांसाठी वेगळे नियम आहेत. एमडी०५५ ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या पाइपा सगळीकडे सारख्या आहेत का ते बघतो. एमडी०५६ प्रत्येक ओळीतले सेल मोजतो, वरच्या 'वाचा|लिहा'सारखी चूक हाच पकडतो. एमडी०५८ टेबलाभोवतीच्या मोकळ्या ओळी तपासतो. नव्या आवृत्त्यांत एमडी०६० जुळवलेली, सुटसुटीत की विनास्पेस अशी पद्धत लादू शकतो. एमडी०१३ हा ओळीच्या लांबीचा नियम, डिफॉल्ट ८०. त्यात टेबलांना सूट द्या. ती न दिल्यास लोक वॉर्निंग टाळायला सेलमधला मजकूर छाटतात आणि अर्थ हरवतो.

फॉरमॅटर आणि लिंटर दोघांचीही आवृत्ती प्रोजेक्टमध्ये पक्की बांधा. एकाच्या मशीनवर नवी आणि बिल्ड सर्व्हरवर जुनी असेल तर दोघं एकमेकांचं काम उलटवत बसतात. क्रमही पाळा: आधी सगळ्या फाइली दुरुस्त, मग नियम वॉर्निंगऐवजी एररवर. उलट केलं तर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे बिल्ड पडतात आणि कोणीतरी नियमच बंद करून टाकतं.

इथे एक फट राहते. हेडर आणि डॅशच्या ओळीचे सेल जुळले नाहीत, तर लिंटरच्या लेखीही ते टेबल नसतं, मग एमडी०५६ काय मोजणार? ती फट बिल्ड झालेल्या एचटीएमएलमध्ये शोध घेऊन बुजवा. कोड ब्लॉक वगळून पाइपला लागून डॅश कुठे दिसतो का ते बघा. मध्ये स्पेस असलेला प्रकारही धरा. काही साधनं तीन डॅशांचा एक लांब डॅश करतात, म्हणून पाइप आणि लांब डॅश हीही जोडी शोधा. सापडलं की बिल्ड पाडा. पाच ओळींची स्क्रिप्ट आहे, पण ज्या बिघाडाची तक्रार वाचक सगळ्यात जास्त करतात तो इथे अडतो.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि आस्कीडॉक

मार्कडाउनऐवजी रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट वाचणाऱ्या स्फिंक्समध्ये चौकटी आखलेली ग्रिड टेबलं वाचायला छान, सांभाळायला नको. एक शब्द वाढला की सगळ्या रेघा पुन्हा आखा. बरोबरच्या चिन्हांनी आखलेल्या साध्या टेबलात शेवटचा सोडून कुठल्याही कॉलमचा मजकूर रेघेबाहेर गेला की एरर येते. दोन्हींऐवजी लिस्ट-टेबल वापरा. त्यात प्रत्येक सेल वेगळ्या ओळीवर, म्हणजे डिफमध्ये एक बदल एकाच ओळीचा. अट एकच: प्रत्येक रांगेत सेलांची संख्या सारखी हवी, रिकाम्या सेललाही त्याचा डॅश द्यायला हवा. रुंद्या तिथेच विड्थ्सने लिहून टाका. स्फिंक्सच्या आतला पार्सर डॉक्युटिल्स चुकीवर ओरडतो, ही जमेची बाजू आहे. स्फिंक्सच्या बिल्डला डॅश आणि मोठा डब्ल्यू लावला की ते ओरडणं एरर होतं.

आस्कीडॉक या आणखी एका लेखन-पद्धतीत पार्सर ओळी बघत नाही, सेल मोजत जातो. कॉलम किती ते सांगितलं नसेल तर पहिल्या ओळीवरून ठरवतो. मधला एक सेल राहिला की त्यापुढचं सगळं टेबल एकेका घराने सरकतं, आणि वॉर्निंग मात्र टेबलाच्या शेवटी येते: अपुरी रांग टाकून दिली. म्हणून ती वॉर्निंग दिसली की शेवटची ओळ तपासत बसू नका. बिल्ड झालेल्या पानावर पहिला सरकलेला सेल शोधा, चूक तिथेच, त्याच्या लगेच आधी असते. कॉल्स (कॉलमांची संख्या सांगणारी सेटिंग) नेहमी स्पष्ट लिहा, आणि आस्कीडॉक्टरची (आस्कीडॉकच्या पार्सरची) फेल्युअर लेव्हल वॉर्निंगवर ठेवा.

सेल बरोबर, पण पान वाईट

रीड द डॉक्सच्या थीममध्ये (स्फिंक्सच्या साइटींसाठीच्या एका तयार साच्यात) सेलमधला मजकूर ओळ मोडत नाही, म्हणून लांब वाक्याचं टेबल आडवं पसरतं आणि स्क्रोल करावं लागतं. आपल्या सीएसएसमध्ये त्या टेबलांच्या सेलना व्हाइट-स्पेस नॉर्मल करा, थीमवर मात करायला इम्पॉर्टंट लागेल. लांबलचक फाइल-पाथ किंवा की मध्येच तुटत नाहीत. त्या कॉलममधल्या कोडला ओव्हरफ्लो-रॅप द्या. टेबल आडवं स्क्रोल व्हायला हवं असेल तर टेबललाच ब्लॉक करू नका, त्याने काही स्क्रीन रीडरना ते टेबल म्हणून कळत नाही. बाहेर एक वेष्टण घाला आणि स्क्रोल त्याला द्या.

फॉरमॅट सारखं, भाषा वेगळी

लिंटरला न दिसणारी विसंगती वाचकाला मात्र पहिल्यांदा दिसते. एका पानावर 'डिफॉल्ट', दुसऱ्यावर 'मूळ मूल्य'. एकीकडे कॉलमांचा क्रम नाव, प्रकार, डिफॉल्ट, अर्थ. दुसरीकडे अर्थ आधी. प्रत्येक प्रकारच्या टेबलासाठी (पर्याय, एरर कोड, आवृत्त्यांची सुसंगतता) हेडरची एकच ओळ ठरवा आणि ती एका नमुना फाइलीत ठेवा, तिथूनच कॉपी करायची. एकक हेडरमध्ये लिहा, 'मुदत (सेकंद)', म्हणजे सेलमध्ये नुसता आकडा राहतो. आकड्यांचा कॉलम उजवीकडे, म्हणजे डॅशनंतर कोलन, मजकुराचा डावीकडे. आवृत्ती क्रमांक हे आकडे नाहीत, ते डावीकडेच.

रिकाम्या सेलबद्दल विशेष काळजी घ्या. रिकामा सेल, एक डॅश, 'नाही' आणि 'लागू नाही' यांचे चार वेगळे अर्थ होऊ शकतात. डिफॉल्टच्या कॉलममध्ये डॅश दिसला तर वाचकाने काय समजायचं: डिफॉल्ट नाही, की डिफॉल्ट खुद्द डॅश आहे? सेल रिकामा सोडूच नका. 'डिफॉल्ट नाही', 'रिकामी स्ट्रिंग', 'लागू नाही' असं शब्दांत लिहा.

पर्यायांचं टेबल कोडमध्ये आधीच असलेल्या माहितीची नक्कल असेल, तर ते हाताने लिहू नका. पर्यायांची यादी यामल किंवा सीएसव्हीमध्ये ठेवा आणि बिल्डच्या वेळी टेबल तयार करा. स्फिंक्समध्ये सीएसव्ही-टेबल यासाठीच आहे. तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पाइपपुढे बॅकस्लॅश लावायला मात्र विसरू नका, नाहीतर वरचा सगळा घोळ आता यंत्राने होईल.

आणि एखाद्या सेलमध्ये तीन वाक्यं, यादी किंवा कोड ब्लॉक घालायची वेळ आली असेल तर टेबल मोडा. पाइपच्या टेबलात ब्लॉक बसतच नाही. बीआर टॅग आणि एचटीएमएलची ठिगळं लावून तो बसवलेला दिसला तरी पुढच्या माणसाला दुरुस्त करता येत नाही. प्रत्येक पर्यायाला उपशीर्षक द्या, त्याखाली परिच्छेद लिहा, आणि वर फक्त नाव, प्रकार व डिफॉल्ट असं तीन कॉलमांचं टेबल ठेवून तिथून खाली लिंका द्या.